सत्यशोधक समाजाची साप्ताहिक सभा

सत्यशोधक समाजाचा विचार सहसा जोतीराव फुले यांच्या ग्रंथांच्या आधारे केला जातो. तथापि समाजाचे बळ केवळ ग्रंथांत नव्हते; ते त्याच्या साप्ताहिक सभेतही होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात समाजाची स्थापना झाली. जोतीराव अध्यक्ष व खजिनदार, तर नारायणराव कडलक चिटणीस झाले. पुढे दर आठवड्यास सभा भरू लागली. मुलामुलींचे शिक्षण, मद्यपाननिषेध, अल्प खर्चाचे विवाह, ज्योतिष व भुताखेतांच्या भीतीपासून मुक्तता हे तिच्यातील चर्चेचे विषय होत.

या चर्चेची कसोटी लवकरच लागली. २५ डिसेंबर १८७३ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह झाला. असा विवाह करणाऱ्या कुटुंबास भावकीचा रोष पत्करावा लागे. एकट्या माणसास हे धैर्य कठीण. परंतु आठवड्यास भेटणाऱ्या मंडळींमुळे त्यास साक्षीदार व सोबती लाभत, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

सभेस येऊ न शकणाऱ्यांसाठी कृष्णराव भालेकर यांचे 'दीनबंधु' १८७७ साली निघाले; तेही साप्ताहिकच. पुढे ही चळवळ वऱ्हाडात पोहोचली. देऊळगाव राजा ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तेथील सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली जोतीरावांचे चरित्र प्रसिद्ध केले.

सारांश, सुधारणेस विचार लागतो, तसाच नेमही लागतो. साप्ताहिक सभेने तो नेम पुरविला.