ओझ्याच्या जनावरांत मासा

पशुवैद्यकाच्या शाळेत मासा शिरला तो मत्स्यशेतीमुळे, असं सरसकट सांगितलं जातं. तळ्यांत मासे वाढवले, ते आजारी पडले, मग वैद्य लागले. शब्दाकडे पाहिलं तर हे पटतंही. 'व्हेटरिनरी'च्या मुळाशी लॅटिन 'वेतेरिनाए', म्हणजे ओझ्याची जनावरं. कोणी त्याचं नातं 'वेहेरे', म्हणजे वाहणं, याच्याशी जोडतं, तर कोणी 'वेतुस', म्हणजे जुनं, याच्याशी. 'वेहेरे' अर्थाला चपखल बसतं, पण त्यातून 'वेतेरि' काढताना मधला 'ह' गिळावा लागतो. म्हणून माझं मत 'वेतुस'ला: स्वारीतून उतरलेलं म्हातारं घोडं शेवटी ओझ्यालाच लागतं. आपल्या 'पशु'लाही 'पाशा'त बांधायची जुनी हौस आहे. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याला लॅटिन 'पेकु'चा, म्हणजे गुराढोरांचा, भाऊबंद मानतात. मासा यातल्या कुठल्याच दावणीला बांधता येत नाही. नागपूरच्या पशुवैद्यकाच्या विद्यापीठाच्या नावात 'पशु' आणि 'मत्स्य' यांच्यामध्ये 'व' आला, तो काही उगीच नाही.

पण पॅरिसजवळच्या अल्फोरची पशुवैद्यक शाळा या हिशेबात बसत नाही. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बूर्जलाने 1765 साली काढलेल्या या शाळेत 1780च्या दशकात तुलनात्मक शरीररचना शिकवायला आला शरीररचनाशास्त्रज्ञ विक दाझीर. माशांच्या शरीररचनेवरचे त्याचे निबंध त्याआधीच विज्ञान अकादमीपुढे आले होते. तिथेच शिकवणाऱ्या निसर्गवैज्ञानिक दोबाँतोंच्या हाताखाली ब्रूसोने होता, माशांवरच्या 1782च्या 'इक्थिओलोगिया'चा कर्ता. मत्स्यशेतीच्या रोगांचा तेव्हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता श्वासाचा. कार्पच्या कल्ल्यांवरचं झाकण उचला: दोन्ही बाजूंना चार-चार लालभडक कमानी. हृदयाला एकच कर्णिका, एकच जवनिका. तिथून निघालेलं रक्त आधी कल्ल्यांत जातं आणि हृदयाकडे न परतता थेट अंगभर. घोड्याचं चार कप्प्यांचं हृदय समजावायला याहून सोपी जोडी कोणती? मार्न नदी शाळेजवळूनच वाहते, तेव्हा टेबलावर कार्प आला असणारच.

मासे तर पशुवैद्यकाबाहेरही चिरले जात होते, एडिंबरोचा शरीररचनाशास्त्रज्ञ मन्रो याचा माशांवरचा ग्रंथ 1785चा, असा आक्षेप येईल. पण तो माणसांच्या वैद्यांना शिकवत होता. अल्फोरची ही अध्यापनपदं काही वर्षांतच मोडली, हा आक्षेप अधिक जड. तरी धागा तुटला असं मी मानत नाही. 1793 साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा पहिला प्रमुख झाला तो दोबाँतोंच, आणि दोनच वर्षांनी तिथे आलेल्या प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने पुढे माशांवर 22 खंडांपर्यंत गेलेला संसार मांडला. मत्स्यशेतीने पशुवैद्यांना माशांचे रोग दिले. सुरीखालचा मासा त्यांच्याकडे आधीच होता.