आधी पाय पाहिले

वाकडमधल्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरची ती खोली पाहून मी गोंधळलोच. छताला झोका, जमिनीवर गाद्या, एका टोपात राजमा आणि त्यात दडवलेल्या गोट्या. हा दवाखाना की बालवाडी? बरोबर सात वर्षांचा भाचा होता. अक्षर गिचमीड, फळ्यावरचं उतरवताना मागे पडतो, एवढीच तक्रार. शाळेने त्यासाठी त्याचा खेळाचा तास बंद केला होता. घरी आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. तिथल्या बाईंनी वही उघडण्याआधी त्याचे पाय पाहिले. खुर्चीवर ते लोंबकळत होते.

या विद्येला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. शब्द फसवा आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणं, बटण लावणं, लिहिणं, खेळणं. १९१७ साली अमेरिकेत या उपचारकांची पहिली संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना विणकाम, सुतारकाम अशा कामांतूनच पुन्हा हातीपायी धड करण्याचा तेव्हा प्रयत्न झाला.

आपल्याकडे ही विद्या आणली कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या. पुढे अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातलं या विषयाचं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. फलटणचं ‘कमला निंबकर बालभवन’ पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असतं; ते नाव याच बाईंचं.

आता पायांकडे येऊ. उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून सुईत दोरा ओवून पाहा. धड सावरण्यातच स्नायू गुंततात. धड डळमळलं की खांदा ताठरतो, आणि बोटांची बारीक हालचाल बिघडते. बाईंनी पायाखाली पाट दिला आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा हातात दिला. एवढासा तुकडा मुठीत धरून लिहिता येत नाही, तीन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो.

झोक्याबद्दल मी खोदून विचारलं. जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात मांडलेल्या संवेदनांच्या एकात्मीकरणाच्या विचारातून तो आला. त्याच्या उपयोगाबद्दल संशोधकांत आजही वाद आहे. जे काम जमत नाही, त्याचाच सोपा करून दिलेला सराव अधिक भरवशाचा, असं माझं वाचन सांगतं. बाईंचंही फारसं वेगळं मत नव्हतं. आठवड्यातला एक तास त्यांचा, उरलेले घरचे, म्हणून बहिणीला त्यांनी कामं दिली: मटार सोलायला बसवा, कणकेचे गोळे करायला द्या, शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या, मग उशीर झाला तरी चालेल. सकाळी बस गाठायच्या घाईत हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं.

शाळेतल्या बाकाखाली आता दोन विटा आहेत. त्या वर्गशिक्षिकेने लगेच ठेवू दिल्या. खेळाचा तास परत मिळवायला मात्र तीन खेपा घालाव्या लागल्या.