मदनमहाल : एका रविवारची चढण

आमचा मुक्काम गोरखपुरास आहे असे कळविले की देशाकडील आप्त हटकून गोरखनाथांच्या मठाची चौकशी करतात. तो मठ उत्तर प्रदेशातील गोरखपुरात. आमचे गोरखपूर म्हणजे जबलपूर शहराची एक गजबजलेली वस्ती. बदलीच्या नोकरीत माणसाला गाव लाभत नाही, मुक्काम लाभतो. आणि मुक्कामाच्या ठिकाणचा इतिहास पुढच्या रविवारी पाहू म्हणता म्हणता बदलीचा हुकूम हाती पडतो. आमचेही तसेच व्हायचे. परंतु घराच्या गच्चीवरून रोज दिसणारी मदनमहालाची टेकडी अखेर आम्हां चौघांना एका रविवारी पहाटेच घेऊन गेली.

चढण अवघड नाही. ज्याने राजगड वा तोरणा एकदा पायांखाली घातला आहे, त्याला ती फेरफटक्यासारखीच वाटेल. मात्र डोळ्यांना येथे वेगळीच सवय लावावी लागते. सह्याद्रीचा खडक थरांचा. कडा तासून काढल्यासारखा उभा, माथा सपाट. येथील खडक ग्रॅनाइटचा. वर्षानुवर्षांच्या झिजेने गोलावलेल्या प्रचंड शिळा एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात. त्यांतील एक शिळा दुसरीवर इतक्या थोड्या जागेत टेकली आहे की तिच्याखाली उभे राहण्यास जीव धजावत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने जबलपुरातील कित्येक घरे पडली, पण ती शिळा जागची हलली नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र आमची थोडी निराशाच झाली. तट नाही, बुरूज नाहीत, बालेकिल्ला नाही. एका अजस्र शिळेवर चढविलेली दुमजली लहानशी इमारत, तिच्या समोर पागेच्या व शिपायांच्या राहण्याच्या खोल्या, जवळ पाण्याचे छोटे टाके. आमच्यातील सातारकर स्नेही म्हणाले, "याला किल्ला म्हणायचे, तर आमच्या अजिंक्यताऱ्याला काय म्हणावे?"

उत्तर समोरच पसरले होते. एका बाजूस सारे शहर, पायथ्याशी गढा ही गोंडांची जुनी राजधानी, संग्रामशाहाच्या नावाने ओळखला जाणारा संग्रामसागर तलाव आणि दक्षिणेस नर्मदेचे खोरे. ही जागा लढण्याची नव्हे, पाहण्याची आहे. परंपरा ही वास्तू मदनसिंह राजाची म्हणून सांगते. गढ्याचे राज्य एका किल्ल्याच्या बळावर उभे नव्हते. संग्रामशाहाच्या ताब्यात बावन्न गढ होते असे सांगतात. त्या बावन्नांच्या मध्ये हा एक डोळा होता. सिंगोरगड, चौरागड हे लढाऊ किल्ले दूर, दमोह व नरसिंहपूर भागांतील डोंगरांत.

वर एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन बसले होते. आमचे मराठी बोलणे ऐकून त्यांनी विचारले, "आप लोग महाराष्ट्र के हैं? शिवाजी महाराज के मुलुक के?" आम्ही अभिमानाने मान डोलावली. मग त्यांनी नातवाबरोबर आम्हांलाही राणी दुर्गावतीची हकिकत सांगितली. कालिंजरच्या चंदेल कुळातील ही कन्या संग्रामशाहाचा पुत्र दलपतशाह यास दिली होती. पतीच्या अकाली मृत्यूनंतर लहानग्या वीरनारायणाच्या नावाने तिने सुमारे पंधरा वर्षे राज्य चालविले. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा नर्रई येथे ती हत्तीवर बसून लढली. पहिल्या दिवशी तिची सरशी झाली. रात्रीच छापा घालावा हा तिचा आग्रह सरदारांनी मानला नाही आणि दुसऱ्या दिवशी मोगलांच्या तोफा आल्या. बाण लागून ती घायाळ झाली. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने २४ जून रोजी स्वतःच्या हाताने जीवन संपविले. पुढे चौरागड लढविताना वीरनारायणही पडला. ही हकिकत केवळ लोककथा नव्हे. अकबराच्याच दरबारातील अबुल फजलाने ती नोंदवून ठेवली आहे. आम्हांस साहजिकच ताराबाईंची आठवण झाली. १७०० साली वैधव्य आल्यावर लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंजणारी ती राणी आणि ही राणी, दोघींचे धैर्य एकाच जातीचे.

वृद्धांनी गोष्ट येथे थांबविली. ती पुढे चालू शकली असती. नर्रईच्या पराभवानंतरही गोंडांचे घराणे संपले नव्हते. मोगलांचे मांडलिक म्हणून ते आणखी दोन शतके टिकले. ते संपविले कोणी? १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली. तीत राजा महाराजशाह मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. या मुलुखासाठी पेशवे आणि नागपूरकर भोसले यांच्यात चुरस होती. १७८१ साली सागरच्या मराठी सत्तेने हे राज्य खालसा केले आणि शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदी झाला. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे हे खोरे भोसल्यांना दिले, आणि डिसेंबर १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. जे मोगलांनी पुरते केले नव्हते, ते आपण केले.

ही माहिती आम्हांस नवी नव्हती. शाळेत 'उत्तरेतील मोहिमा' या मथळ्याखाली ती आम्ही पाठ केली होती, आणि तेव्हा तिच्यात केवळ पराक्रम दिसला होता. पण त्याच टेकडीवर उभे राहून, खालचे गढा डोळ्यांसमोर असताना, तीच वाक्ये वेगळी वाटली. गनिमाची फौज म्हणजे नेहमी परक्याचीच फौज, असे आपण सह्याद्रीत शिकलो. येथल्या माणसाच्या दृष्टीने एके काळी ती फौज आपली होती. त्या वृद्ध गृहस्थांनी ते सांगितले नाही. त्यांना ठाऊक नव्हते की पाहुण्यांचा मान राखला, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांची लाज धरावी असा नव्हे. त्या काळी राज्ये अशीच वाढत आणि अशीच मोडत. परंतु शिवरायांच्या गडांवर माथा टेकवणाऱ्याने दुर्गावतीच्या गडावर केवळ टाळ्या वाजवून परतणे पुरेसे नाही. आपल्या इतिहासाचे हेही पान त्याने वाचले पाहिजे. ज्या राजवंशाला आपण सिंहासनावरून उतरविले, त्याच वंशातील शंकरशाह व त्यांचा पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी याच जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. राज्य गेले होते, पाणी गेले नव्हते.

उन्हे तापू लागली तसे आम्ही उतरलो. सातारकर स्नेही बराच वेळ गप्प होते. पायथ्याशी आल्यावर ते म्हणाले, "आपणही येथे हुकूम घेऊनच आलो आहोत." खरेच आहे. पूर्वी मराठी माणूस या मुलखात चौथाईची सनद घेऊन आला. आज तो नेमणुकीचा कागद घेऊन येतो. दोहोंतील फरक कागदाने ठरत नाही, वागणुकीने ठरतो. आपल्या टेबलापुढे उभा राहणारा शेतकरी, पेन्शनर वा विद्यार्थी या खोऱ्यातला आहे. त्याच्याकडून घ्यावयाचे असे आता काही उरलेले नाही, द्यावयाचे मात्र पुष्कळ आहे.

असो. जबलपुरास ज्यांची बदली होईल त्यांनी भेडाघाटचे संगमरवर अवश्य पाहावे, सर्वच पाहतात. पण एक सकाळ मदनमहालासाठी राखून ठेवावी. चढण अर्ध्या तासाची आहे. उतरण्यास आम्हांस अधिक वेळ लागला.