भरतपूरची बदकं, बंधारा आणि म्हशी

थंडी पडली की आपल्या तळ्यांवरही उत्तरेकडची बदकं उतरतात. म्हणून आज राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट.

तिथं केवलादेव मंदिराजवळ जुन्या शिकारींचा हिशोब दगडात कोरलाय. तारीख, बंदुका किती, पक्षी किती. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची शिकार: एका दिवसात 4,273 पक्षी. वाचून पोटात कसंतरीच होतं.

पण एवढी बदकं यायची कशी? सगळं पाण्याचं गणित. पावसाळ्यात अजान बंधाऱ्याचं पाणी या खोलगट रानात सोडायचं. ऑक्टोबरपासून तलवार बदकं, थापट्या उतरणार. थवे कुठल्या पाण्यावर बसतात, सकाळी कुठून उठतात ते हेरायचं, मग बंदुका. आणि या सगळ्यात गावच्या म्हशी, थेट पाण्यात शिरून गवत खाणाऱ्या. त्यांचा हिशोब कुठल्याच दगडावर नाही बरं का!

शेवटची मोठी शिकार 1964 ची. महाराजांचा शिकारीचा हक्क 1972 ला गेला. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यानात चराईबंदी आली. गावकरी भिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली.

आणि पाणी? हरळीसारखं पसरणारं पासपॅलम गवत माजलं, बदकांना उतरायला उघडं पाणीच उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातूनच मग निघालं, की म्हशी चरत होत्या म्हणून पाणी मोकळं राहत होतं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळाली. म्हशी मात्र बाहेरच.