विश्रांतीचे गाव, आश्रयाचे गाव

दक्षिण फ्रान्सच्या ओत-ल्वार प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर ल शांबों-सुर-लिन्यों नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात तेथील वाटा बर्फाखाली बुजून जातात. उन्हाळ्यात मात्र पाइन वृक्षांच्या त्या पठारावर हवापालटासाठी माणसे येतात. ह्या आडबाजूच्या गावाचे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात एका अपूर्व कारणाने नोंदले गेले आहे. सारे युरोप खंड द्वेषाच्या वणव्यात होरपळत असता ह्या गावाने व आसपासच्या वाड्यावस्त्यांनी हजारो निराधारांना, विशेषतः यहुदी मुलांना, आपल्या घरांत लपवून वाचविले.

हे धैर्य एका दिवसात उपजलेले नव्हते. ह्या पठारावरील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि १७८७ पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, त्यांना रानावनांत चोरून उपासना करावी लागली. जवळच्याच विव्हारे प्रदेशातील मारी द्युरां ही तरुणी धर्म सोडावयास नकार दिल्यामुळे १७३० ते १७६८ अशी अडतीस वर्षे बुरुजात बंदिवान होती. तेथील दगडावर कोरलेला ‘प्रतिकार करा’ ह्या अर्थाचा शब्द तिचाच, असे परंपरा सांगते. छळ म्हणजे काय, हे ह्या शेतकऱ्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. ते आजोबा-पणजोबांपासून घरात चालत आले होते.

ह्या वारशाला जोड मिळाली ती एका अगदी निराळ्या परंपरेची. १८९३ साली लुई कोंत ह्या पाळकाने सेंत-एतियेन ह्या खाणींच्या व कारखान्यांच्या शहरातील कामकऱ्यांची मुले उन्हाळ्यात पठारावर पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. धुराने कोंदलेल्या गल्ल्यांतील मुलांना मोकळी हवा, दूध आणि विसावा मिळावा, एवढाच त्यामागील हेतू. परक्या मुलाला आपल्या चुलीशी जागा देण्याची सवय शेतकरी कुटुंबांना अशी लागली. पुढे लहान रेल्वे आली, खाणावळी आणि विश्रामगृहे उभी राहिली. विश्रांतीसाठी उभारलेली हीच घरे युद्धकाळात आश्रयस्थाने झाली. पाहुण्यांची ये-जा तेथे नित्याचीच असल्यामुळे नवा चेहरा दिसला तरी सहसा कोणाला नवल वाटत नसे.

१९३४ साली आंद्रे त्रोक्मे हे पाळक म्हणून गावात आले. हिंसा आणि ख्रिस्ती धर्म ह्यांची सांगड बसत नाही, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. १९३८ साली एदुआर तेस ह्या सहकाऱ्यासह त्यांनी तेथे एक माध्यमिक शाळा काढली. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. त्या उपासनेत दोघा पाळकांनी सांगितले, की सद्सद्विवेकबुद्धीवर जबरदस्ती होईल तेव्हा तिचा प्रतिकार आत्मिक शस्त्रांनी करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. मात्र तो भीतीवाचून, गर्वावाचून आणि द्वेषावाचून केला पाहिजे. द्वेषाशी लढताना आपणच द्वेष्टे होऊ नये, हा त्या सांगण्यातील अवघड भाग होता.

रविवारच्या विश्रांतीचे मोल ह्या काळात विशेष प्रत्ययास आले. पठारावरील शेते एकमेकांपासून दूर दूर पसरलेली. आठवडाभर माणसाला माणूस भेटणे कठीण. उपासनेला आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासमंडळांना मात्र सारे एकत्र येत. कोणाच्या घरी जागा आहे, कोणाला धान्याची गरज आहे, हे सारे तेथे आडून कळे. शब्बाथाची आज्ञा पाहिली तर तीत केवळ घरधन्यालाच नव्हे, तर दासदासींना आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही विसावा द्यावा, असे सांगितले आहे. गावाने ही आज्ञा अक्षरशः पाळली.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार यहुद्यांची धरपकड झाली. १० ऑगस्टला व्हिशी सरकारचे एक वरिष्ठ अधिकारी गावास आले, तेव्हा शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती निषेधाचे पत्र ठेवले: आमच्यांत यहुदी आहेत, त्यांना आम्ही वेगळे मानीत नाही, आणि न्यावयास आलात तर त्यांना लपवू. दोन आठवड्यांनी पोलिसांच्या बसगाड्या आल्या. यादी मागताच त्रोक्मे ह्यांनी ती देण्यास नकार दिला. पोलीस काही आठवडे तळ ठोकून होते. हाती जवळजवळ कोणीच लागले नाही.

किंमत मात्र द्यावी लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोघे पाळक आणि शाळाशिक्षक रोझे दार्सिसाक ह्यांना अटक होऊन छावणीत ठेवण्यात आले. २९ जून रोजी गेस्टापोने विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर छापा घातला. त्रोक्मे ह्यांच्या नात्यातील दानिएल हा तरुण वसतिगृहप्रमुख निसटू शकला असता. पण तो आपल्या विद्यार्थ्यांबरोबर गेला आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावला. गावातील डॉक्टर रोझे ल फोरेस्तिए ह्यांना ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांनी ठार केले.

वाचलेल्यांचा आकडा पुष्कळ काळ पाच हजार सांगितला जाई. पुढील अभ्यासकांनी तो कमी मानला आहे. श्रेयही एकट्या पाळकाचे नव्हे. माग्दा त्रोक्मे, स्विस व क्वेकर कार्यकर्ते, शेजारची मंडळे आणि असंख्य शेतकरी स्त्रिया ह्या सर्वांचे ते आहे. १९९० साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने गावाचा व परिसराचा एकत्रित गौरव केला, तो म्हणूनच यथार्थ होय.

युद्धानंतर, १९६१ साली, त्रोक्मे ह्यांनी येशू आणि अहिंसक क्रांती ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी जमीन पडीक ठेवावी, ऋण सोडावे, दासांना मुक्त करावे, ही प्राचीन आज्ञाच येशूने नासरेथात घोषित केली, असे त्यात प्रतिपादन आहे. विश्रांती म्हणजे केवळ कामाचा अभाव नव्हे. ज्याच्या पाठीस पारधी लागला आहे, त्याला निर्भय झोप मिळणे हीही विश्रांतीच. ल शांबोंच्या शेतघरांत कित्येक मुलांनी ती झोप घेतली. दाराबाहेर बर्फ पडत असे, आणि आत घरची माणसे आळीपाळीने जागी राहत.