दगड वाचायला निघालेली माणसं

पॅरिसहून रेल्वेनं तासाभरावर शार्त्रचं कॅथीड्रल आहे. तिथे रोज दोन तऱ्हेचे घोळके आत येतात. एक मेणबत्ती लावतो आणि गुडघे टेकतो. दुसरा कानाला यंत्र लावून, मान वर करून रंगीत काचा पाहतो आणि विचारतो, हा संत कोण, ही कमान कोणत्या शतकातली? पहिल्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. दुसऱ्याची जेमतेम दोनशे वर्षांची. आणि या दुसऱ्या घोळक्याचा मागोवा घेत गेलं, तर वाट श्रद्धाळूंपाशी नव्हे, चर्चं पाडणाऱ्यांपाशी जाऊन पोचते.

मध्ययुगीन यात्रेकरू गटानंच चालत असत. एकट्यानं जाणं म्हणजे लुटारूंना आमंत्रण होतं. स्पेनमधल्या सांतियागोला, संत याकोबाच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटांचं वर्णन बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या लॅटिन ग्रंथात आहे. फ्रान्समधून जाणारे चार रस्ते त्यात दिले आहेत: तूर, व्हेझले, ल प्यूइ आणि आर्ल या गावांवरून जाणारे. कोणत्या नदीचं पाणी प्यावं आणि कोणत्या नदीचं प्यायल्यावर घोडे मरतात, हेही आहे. नावाडी होडीत मुद्दाम जास्त माणसं कोंबतात, ती बुडाली की त्यांचं सामान लुटतात, अशी तक्रारही आहे. लेखक बहुधा प्वातू प्रांतातला असावा, कारण वाटेतल्या बहुतेक लोकांना त्यानं शिव्या घातल्या आहेत आणि प्वातूकरांची मात्र तोंडभरून स्तुती केली आहे. गंमत म्हणजे हा भाग त्या काळी फारसा कोणी वाचलाच नाही. तो स्वतंत्रपणे छापला गेला १८८२ मध्ये आणि फ्रेंचमध्ये आला १९३८ मध्ये.

त्या यात्रेकरूला समजावून सांगणारा कोणी लागत नव्हता. तो भिंत पाहायला येतच नव्हता, तो अस्थींपाशी येत होता. पंढरपूरला पोचलेला वारकरी खांबावरची नक्षी कोणत्या राजवटीतली हे विचारत बसत नाही, तसंच ते. व्हेझलेला मेरी मॅग्डालीन होती, काँकला सेंट फॉय. काँकच्या अस्थी तर नवव्या शतकात तिथल्या एका भिक्षूनं दुसऱ्या मठातून चक्क पळवून आणलेल्या. इतकी त्यांची किंमत होती.

मग १७८९ आलं, फ्रेंच राज्यक्रांतीचं वर्ष. २ नोव्हेंबरला राष्ट्रीय सभेनं चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. पुढच्या दहा वर्षांत मठ लिलावात निघाले. क्लूनीच्या मठाचं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोमचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून लांब चर्च नव्हतं. ते १७९८ मध्ये व्यापाऱ्यांना विकलं गेलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं खाणीसारखं वापरून त्याचा दगड विकला गेला. आज त्याचा दहावा भागही उभा नाही. पॅरिसच्या नोत्र दामवर बायबलमधल्या यहूदाच्या राजांचे २८ पुतळे होते. क्रांतिकारकांना ते फ्रान्सचे राजे वाटले, म्हणून १७९३ मध्ये त्यांची मुंडकी उडवली. त्यातली २१ मुंडकी १९७७ मध्ये एका इमारतीच्या खोदकामात सापडली, आता ती पॅरिसच्याच क्लूनी संग्रहालयात आहेत. पुतळे नेमके कोणाचे, हे समजावणारा कोणी त्या दिवशी तिथे असता तर, असं मनात येऊन जातं. तसा माणूस तोवर निर्माणच झाला नव्हता.

तो निर्माण झाला याच मोडतोडीतून. आलेक्सांद्र लनुआर नावाच्या चित्रकाराला पॅरिसमधल्या एका रिकाम्या मठात जप्त केलेल्या वस्तू सांभाळायचं काम मिळालं. राजांच्या समाध्या, संतांच्या मूर्ती, काचा असं सगळं त्यानं गोळा केलं, शतकवार दालनांत मांडलं आणि १७९५ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. मांडणीत त्यानं बऱ्याच लबाड्या केल्या, इकडचं डोकं तिकडच्या धडावर बसवलं. पण वेदीवरची मूर्ती इतिहासाचा धडा झाली ती इथे. तिथे हिंडणाऱ्या मुलांत झ्यूल मिशले होता. इतिहासाची पहिली ठिणगी आपल्यात तिथेच पडली, असं पुढे या थोर इतिहासकारानं लिहून ठेवलं. संग्रहालय १८१६ मध्ये बंद झालं.

१८३४ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. सरकारनं ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक म्हणून तीस वर्षांच्या प्रॉस्पेर मेरिमेला नेमलं. हा पुढे 'कार्मेन' लिहिणारा लेखक, बाप्तिस्मा न झालेला, पक्का नास्तिक. व्हेझलेच्या चर्चमध्ये तो चित्र काढत बसला असताना वरून बारीक खडे सुटून आजूबाजूला पडत होते. त्यानं मंत्र्याला तसं कळवलं, आणि १८४० मध्ये व्हिओले-ल-द्यूक या २६ वर्षांच्या वास्तुरचनाकाराकडे दुरुस्तीचं काम आलं. काँकच्या वाट्यालाही मेरिमेच आला, १८३७ मध्ये. फ्रान्समधली काही सर्वांत देखणी चर्चं एका नास्तिकानं वाचवली, हे मला या गोष्टीतलं सर्वांत आवडणारं प्रकरण आहे.

पण मेरिमे एकटा फिरायचा. घोळका आणला तो आर्सिस द कोमाँनं. नॉर्मंडीतल्या बायो गावचा हा जमीनदार, पेशानं कोणी नव्हे, हौशी. त्याच १८३४ मध्ये त्यानं फ्रेंच पुरातत्त्व संस्था काढली आणि तिचं वार्षिक अधिवेशन एका जागी न भरवता दर वेळी वेगळ्या गावात नेलं. सभासद म्हणजे धर्मगुरू, वकील, डॉक्टर, जहागीरदार. ते सभेत निबंध वाचत आणि मग उठून गावातलं चर्च पाहायला जात. ही दाराची कमान गोल का, ती टोकदार का, हा खांब नंतर बसवलेला दिसतो का, अशी जागेवर चर्चा होई. आज मार्गदर्शक सहज 'रोमनेस्क' आणि 'गॉथिक' म्हणतो, ती विभागणी सर्वसामान्यांत रुजवण्यात कोमाँच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. त्याचं 'आबेसेदेर' म्हणजे पुरातत्त्वाची अंकलिपीच, आणि गावोगावच्या पाद्र्यांनी आपलंच चर्च वाचायला शिकण्यासाठी ती वापरली. अभ्याससहलीचा खरा मूळपुरुष मी यालाच मानतो. प्रवासकंपन्यांच्या जाहिराती थॉमस कुकचं नाव घेतात. कुक हा बाप्टिस्ट प्रचारक, त्यानं १८५५ नंतर इंग्रजांना गटानं पॅरिसला नेलं हे खरं. पण त्यानं तिकीट आणि मुक्काम सोपा केला, डोळे उघडले नाहीत.

श्रद्धेची बाजूही दरम्यान गप्प नव्हती. लूर्द या तीर्थक्षेत्री रेल्वे १८६६ मध्ये पोचली आणि फ्रान्सच्या प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर, १८७३ पासून, असम्प्शनिस्ट संघाच्या पाद्र्यांनी राष्ट्रीय यात्रा सुरू केली. त्यांचं 'ल पेलरँ' हे नियतकालिकही त्याच वर्षीचं. आजाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या खास गाड्या, गटप्रमुख, सामूहिक प्रार्थना हे सगळं तिथे बसलं. संघटन त्यांचं, पाहण्याची नजर कोमाँची. आजच्या सहलीत दोन्ही मिसळलेली असतात. शार्ल पेगी हा कवी १९१२ मध्ये आजारी मुलासाठी नवस म्हणून पॅरिसहून शार्त्रला पायी गेला. दोन वर्षांनी तो पहिल्या महायुद्धात मार्नच्या लढाईत पडला. पुढे १९३० च्या दशकात पॅरिसचे विद्यार्थी त्याच वाटेनं गटानं चालू लागले.

या दोन घोळक्यांना एकाच दारातून आत सोडलं ते मात्र एका कायद्यानं. ९ डिसेंबर १९०५ ला फ्रान्सनं चर्च आणि राज्य वेगळं केलं. कॅथीड्रलं सरकारची झाली, गावातली जुनी चर्चं नगरपालिकांची, आणि उपासनेसाठी त्यांचा मोफत वापर चर्चकडे राहिला. त्याच कायद्याचं सतरावं कलम म्हणतं की अशा वास्तू पाहणं सर्वांना खुलं असेल आणि त्यासाठी कोणताही आकार घेता येणार नाही. म्हणून सरकारी शाळेचा धर्माशी संबंध नसलेला वर्ग आणि जपमाळ हातात घेतलेला गट तिथे सारख्याच हक्कानं उभे राहतात. २०१९ च्या आगीनंतर नोत्र दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडायचं होतं, तेव्हा पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत अशी सूचना सांस्कृतिक मंत्र्यांनी केली. विरोध केला तो चर्चनं. शंभर वर्षांपूर्वी ज्या कायद्याविरुद्ध चर्च भांडलं, त्यानं आखलेल्या रीतीचीच ही राखण.

आपल्याकडच्या युरोप सहलींत पॅरिसच्या वाट्याला दीड दिवस येतो, आणि माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चपाशी फोटो काढून बस निघते. त्या टेकडीच्या उतारावर, इव्हॉन-ल-ताक रस्त्यावर, एक लहानसं तळघर आहे. मूळ चॅपल आता नाही, जागा तीच. १५ ऑगस्ट १५३४ ला तिथे सात जणांनी शपथ घेतली, त्यातून जेझुइट संघ निघाला. त्या सातांतला फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, आणि त्याचं शरीर आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझसमध्ये आहे. गोव्याच्या किंवा वसईच्या वाचकांनी सहलीचे पैसे भरण्याआधी कंपनीला एवढं विचारावं: ते तळघर कोणत्या वेळी उघडं असतं, आणि शार्त्रसाठी अर्धा दिवस काढता येईल का? शार्त्रमध्ये आत जायला तिकीट लागत नाही. काच खालून वर वाचायची असते, तेवढं ठाऊक असलं की सुरुवात होते.