‘वळणे’ आणि ‘राहणे’ : बेनेडिक्टच्या नियमावलीतील एक पाठभेद

इटलीतील मॉन्टे कॅसिनो येथे बेनेडिक्टने (सु. ४८०–५४७) सिद्ध केलेल्या ७३ प्रकरणांच्या लॅटिन नियमावलीत, ५८व्या प्रकरणात, मठवासीयाने घ्यावयाच्या प्रतिज्ञा दिलेल्या आहेत. एकाच मठात स्थिर राहणे आणि आज्ञापालन यांच्या मध्ये तेथे ‘कन्व्हर्सातियो मोरुम’ अशी पदरचना येते. पुढील काळातील लेखनिकांना ती अवघड वाटली असावी. त्यांनी तिच्या जागी ‘कन्व्हर्सियो’ हा परिचित शब्द बसविला. कन्व्हर्सियो म्हणजे वळणे, जुन्याकडे पाठ फिरविणे. कन्व्हर्सातियो म्हणजे राहणी, वर्तनाची रीत. लुडविग ट्राउबे यांचा १८९८चा पाठपरंपरेचा अभ्यास आणि कथबर्ट बटलर यांची १९१२ची आवृत्ती यांमुळे मूळ पाठ पुन्हा मान्य झाला. नवव्या शतकारंभीच्या सांक्ट गालेन हस्तलिखितात तो टिकून होता.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. आध्यात्मिक परिवर्तन ही एका क्षणाची घटना की दिनक्रमात मुरत जाणारी प्रक्रिया, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, आणि नियमावलीचा एकूण रोख निःसंशय दुसऱ्या बाजूचा आहे. तिची ८ ते २० ही प्रकरणे उपासनेविषयी आहेत : रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थनावेळा, तसेच आठवड्यात संपूर्ण स्तोत्रसंहितेचे, म्हणजे १५० स्तोत्रांचे, सामुदायिक गायन. स्तोत्रांची ही वाटणी कोणास न रुचल्यास त्याने ती बदलावी, असेही बेनेडिक्ट मोकळेपणाने सांगतो. मात्र १५० ही संख्या आठवड्यात पूर्ण झालीच पाहिजे. मन वाणीशी सुसंगत ठेवावे, ही त्याची अपेक्षा येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. शब्द परंपरेने आलेले असतात. मनाने हळूहळू त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे असते.

दीक्षाविधीही याच दृष्टीने पाहावा. वर्षभराच्या उमेदवारीत नियमावली तीनदा वाचून दाखविली जाते. त्यानंतर उमेदवार प्रतिज्ञापत्र स्वहस्ते वेदीवर ठेवतो आणि स्तोत्रातील एक चरण तीनदा म्हणतो. सारा समुदाय तो प्रत्येक वेळी पुन्हा म्हणतो. एकट्याची याचना अशी सर्वांच्या मुखी जाते. त्याला मठाची वस्त्रे दिली जातात. जुनी वस्त्रे मात्र टाकून न देता जपून ठेवावीत, असा आदेश आहे; न जाणो, तो एखादे दिवशी मठ सोडून जाईल! परिवर्तन एका दिवसात पुरे होते असे मानणाऱ्या ग्रंथात ही व्यवहारी तरतूद संभवली नसती.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात ‘धर्मांतर’ या संज्ञेचा पगडा मोठा आहे, आणि ती कन्व्हर्सियोच्याच अंगाने जाते. त्यामुळे ना. वा. टिळकांच्या चरित्रात १८९५चा बाप्तिस्मा हाच केंद्रबिंदू मानला जातो. त्यानंतरची भजन-कीर्तनाच्या वळणाची उपासनापर रचना त्याचा केवळ परिणाम ठरते. तिच्याकडे कन्व्हर्सातियोच्या अंगाने पाहिल्यास १९१७ साली, मिशनची नोकरी सोडल्यावर, त्यांनी मांडलेली ‘देवाचा दरबार’ ही कल्पना चरित्राच्या मध्यभागी येते. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची योजना होती.